चवथीच्या आधी काम तुंबतंच का? आमच्या छापखान्यातला अडथळा कुठे सापडला

आमच्याकडचा त्रास आधी सांगते, म्हणजे तुमच्याशी जुळतो का ते कळेल. मी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका छापखान्यात मॅनेजर आहे. मालक वेगळे, त्यांना सगळे शेट म्हणतात. दोन ऑफसेट मशीनं, एक कटिंग, एक नंबरिंग, डीटीपीला (संगणकावर मजकूर जुळवायला) दोघी, बाइंडिंगला चौघं, सगळी मिळून अकरा माणसं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हॉटेलांची मेनूकार्डं, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं हे बारमाही काम. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की त्यावर सार्वजनिक मंडळांची कुपनं आणि स्मरणिका येऊन पडतात. मग चवथीच्या आधीचे दहा-बारा दिवस आम्ही रात्री अकरा अकरापर्यंत छापखान्यात. घरी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं) सामान आणायचं राहिलेलं, सासूबाईंचे फोन, आणि काउंटरवर कुठल्यातरी मंडळाचा खजिनदार उभा: "बाय, आमची कुपनं?"

एखाद्या वर्षी झालं असतं तर हंगाम म्हणून सोडून दिलं असतं. पण तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू झाल्या की तेच, डिसेंबरात कॅलेंडरांच्या वेळी तेच. सात वर्षं मी दर वेळी नवं कारण सांगत होते. या वर्षी कागद उशिरा आला, त्या वर्षी वीज गेली, त्याच्या आधीच्या वर्षी नंबरिंगचा माणूस आजारी. कारणं खरीच होती. पण कारण दर वेळी वेगळं आणि परिणाम मात्र तोच, तेव्हा दुखणं आणखी कुठेतरी आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लक्षणं

काम जास्त झाल्यामुळे होणारा उशीर आणि काम अडकल्यामुळे होणारा उशीर बाहेरून अगदी सारखे दिसतात. आमच्याकडे फरक कळला तो मशीनवरून. काम खरंच जास्त असेल तर मशीन थांबत नाही. आमच्याकडे चाळीसेक कामं रखडलेली असताना मोठं मशीन दुपारी चार वाजता गप्प उभं असायचं. मशीनमन काका दाराशी. विचारलं तर म्हणायचे, "प्लेट तयार आसा. कागद खंयचो तें तुवें सांगूंक ना." कागद कुठला घ्यायचा हे मी सांगितलेलं नव्हतं, आणि ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊकही नव्हतं.

दुसरी खूण, एखादं काम कुठे आहे असं विचारलं की तीन जण तीन ठिकाणं सांगतात. तिसरी, 'जातलें' हा शब्द. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: कोकणीत जातलें म्हणजे होईल. फार गोड शब्द आहे, पण त्यात कोण करणार आणि कधी करणार हे नसतं. जिथे दिवसातून वीस वेळा जातलें ऐकू येतं तिथे कामाला धनी नाही असं समजावं. आणि चौथी खूण माझ्या डब्याची. इथला बाजार दुपारी एक-दीडला बंद होतो तो साडेतीनच्या सुमारास उघडतो, सगळे घरी जाऊन जेवतात. मी मात्र साडेतीनला, बाजार उघडताना, उभ्या उभ्या डबा खायची.

बाहेरून येऊन इथे धंदा करणारे लोक या सगळ्याला एका शब्दात निकालात काढतात: सुशेगाद. मूळ पोर्तुगीज शब्द सोसेगादो, अर्थ निवांत, शांत. माझ्या बाइंडिंगच्या काकी सकाळी साडेसहाची बस पकडून येतात आणि दिवसाला किती फॉर्म (छापलेले मोठे कागद) दुमडतात ते मी मोजलेलं आहे. आळस हे कारण धरलंत तर तपास तिथेच संपतो. म्हणून तो शब्द मी कामाच्या बाबतीत वापरणं बंद केलं आहे.

जे करून उपयोग झाला नाही

ओव्हरटाइम. दोन रात्री चालतो. तिसऱ्या दिवशी चुका सुरू होतात आणि चौथ्या दिवशी आपण तिसऱ्या दिवसाचं पुन्हा छापत असतो.

जादा माणसं. एका वर्षी चवथीच्या तीन आठवडे आधी दोन मुलं घेतली. त्यांना शिकवायला मशीनमन काका अडकले, आणि काका जे मला विचारायचे ते आता तिघं विचारू लागले.

व्हॉट्सअॅप ग्रुप. याचं तर नावच काढू नका. पूर्वी प्रश्न निदान छापखान्याच्या वेळेत यायचे. ग्रुप झाल्यावर रात्री साडेदहाला अर्ध्या प्लेटचा अंधुक फोटो आणि खाली प्रश्नचिन्ह.

शेटच्या मनात नवं मशीन घ्यायचं होतं. सेकंडहँड चाररंगी मशीनची किंमतही विचारून झाली होती. एक मशीन रिकामं उभं असताना दुसरं कशाला, हे तेव्हा मी त्यांना आकड्यांत दाखवू शकले नाही. नुसती कुरकुर केली.

मोजणी

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला झाली. दिवाळीनंतर, अंगातला थकवा उतरल्यावर, मी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक कामाबरोबर आमच्याकडे पिवळं जॉब कार्ड फिरतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन खण आखले: काम माझ्याकडे कधी आलं, मी हातात कधी घेतलं, पुढे कधी दिलं. ज्याच्याकडे कार्ड जाईल त्यानं फक्त वेळ लिहायची. कारण, शेरा, सही काही नाही. हे महत्त्वाचं आहे. कारण लिहायचा खण ठेवला असता तर सगळ्यांनी बचाव लिहिला असता.

मुळात तिथेही विरोध झालाच. नंबरिंगचा मुलगा म्हणाला, आता आमच्यावर घड्याळ लावलं. मग पहिलं कार्ड मी माझ्या टेबलावरचं लिहिलं आणि फळ्यावर टाचलं. त्यावर होतं: आलं सोमवारी सकाळी दहा, घेतलं मंगळवारी संध्याकाळी पाच. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

एका कामाची हकिकत सांगते. जत्रेतल्या एका नाटकाची दोन हजार हँडबिलं. डीटीपीला सव्वा तास, प्लेटचं काम अर्धा तास, मशीनवर पाऊण तास, कटिंग पंधरा मिनिटं. एकूण पावणेतीन तासांचं काम, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडलं सहाव्या दिवशी. त्यातले दोन दिवस प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) मंडळाच्या चिटणिसांकडे होतं. (गोव्यातल्या गावच्या नाटकाचं हँडबिल तुम्ही पाहिलं असेल तर कळेल. कलाकारांची नावं कुठल्या क्रमानं लावायची यावर गावात मतभेद होतात, त्यापुढे छपाई सोपी.) पण दीड दिवस ते माझ्या टेबलावर होतं, प्रूफवर माझी सही व्हावी म्हणून. आणि पुन्हा पाऊण दिवस, कागद सत्तर जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) घ्यायचा की ऐंशी, हे मी सांगावं म्हणून.

दोन आठवड्यांत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वेळा लिहिलेली अशी एकतीस कार्डं पूर्ण झाली. त्यांतल्या एकोणीस कार्डांवर सगळ्यांत लांब मुक्काम माझ्या टेबलावर होता. मशीन नाही, कागद नाही, वीज नाही. मी. शेटना कार्डं दाखवायला चार दिवस घालवले, खोटं कशाला बोलू.

हिशेब

इथे थोडं गणित सांगते, कारण ते कळल्यावर माझं स्वतःवर चिडणं कमी झालं. रांगांच्या शास्त्रात एक साधा नियम आहे, तो जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. सरासरी जितकी कामं उघडी आहेत त्यांना रोज बाहेर पडणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला लागणारे सरासरी दिवस मिळतात. आमच्याकडे तेव्हा बेचाळीस कार्डं उघडी होती आणि रोज सरासरी सहा बाहेर पडत होती. म्हणजे सात दिवस. गिऱ्हाइकाला आम्ही तीन दिवस सांगत होतो. माणसांनी जीव तोडून काम केलं तरी बेचाळीस उघडी ठेवून तीन दिवसांत देणं या हिशेबात बसतच नव्हतं. तीन दिवसच सांगायचे असतील तर एक तर रोज चौदा कामं बाहेर काढा, नाहीतर एका वेळी अठराच उघडी ठेवा.

दुसरा हिशेब एकाच माणसापुढच्या रांगेचा. कामं वाटेल तेव्हा येतात आणि कमी-जास्त वेळ घेतात असं धरलं, तर त्या माणसाचा दिवस अर्धा भरलेला असताना रांगेत साधारण एका कामाएवढं थांबावं लागतं. दिवस ऐंशी टक्के भरला की चारपट. नव्वद टक्के भरला की नऊपट, आणि पंच्याण्णवला एकोणीसपट. माझा दिवस किती भरला होता ते डब्याच्या वेळेवरून ओळखा. माझी सही दहा मिनिटांची आणि तिच्यासाठी काम दीड दिवस थांबायचं, याचं कोडं असं सुटलं. मी हळू होते म्हणून नव्हे. माझ्या दिवसात रिकामी जागाच नव्हती.

(छापखान्याच्या बाबतीत गोव्याला अडकण्याची जुनी सवय आहे म्हणा. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात उतरला तो मुळात अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालेला होता. पुढे गेलाच नाही. ती डिलिव्हरी अजून बाकी आहे.)

मूळ

आता खरा प्रश्न. मुळात अकरा माणसं प्रत्येक गोष्ट मलाच का विचारत होती? मशीनमन काका माझ्या लग्नाच्या आधीपासून छपाई करतात. सत्तर की ऐंशी हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी त्यांनाच विचारलं. ते आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तूंच सांगलेलें न्ही?" तूच सांगितलं होतंस ना?

आणि आठवलं. चार-पाच वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या पावती पुस्तकांना परफोरेशन (फाडायच्या छिद्रांची रेघ) उलट्या बाजूला पडलं होतं. स्थळप्रत फाटून हातात यायची आणि मूळ पावती पुस्तकात राहायची. तीनशे पुस्तकं. त्या दिवशी सगळ्यांसमोर, बाहेर गिऱ्हाईक उभं असताना, मी ओरडले होते: "यापुढे मला विचारल्याशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही." रात्री मी विसरूनही गेले. त्यांनी मात्र ते वाक्य कायदा म्हणून पाळलं. नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काकींनी तेच सांगितलं होतं: काय वाटेल ते कर, पण बायला विचारून.

तुमच्याकडेही हाताखालची माणसं सारखी विचारत असतील, तर असं एखादं वाक्य शोधा. ते तुम्हाला आठवणार नाही. त्यांना विचारावं लागेल, आणि तेही एकेकट्याला, चहाच्या वेळी.

उपाय

पहिला उपाय मी चुकीचा केला. सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता तुम्ही स्वतः ठरवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ दहाला: "बाय, हें कितें करूं?" एकदा जीव पोळलेल्या माणसाला मोघम परवानगी पुरत नाही. काय ठरवायचं, कुठपर्यंत ठरवायचं आणि चुकलं तर काय होईल, हे तिन्ही सांगावं लागतं.

म्हणून कार्डांवरचे प्रश्न गोळा केले. दोन आठवड्यांत मला विचारलेल्या प्रश्नांचे दोन ढीग केले. एका ढिगात, चुकलं तर अर्धा दिवस आणि थोडा कागद वाया जाईल असे. दुसऱ्यात, चुकलं तर गिऱ्हाईक जाईल किंवा माफी मागायला देवळात जावं लागेल असे. दुसरा ढीग छोटा निघाला. त्यात चारच गोष्टी राहिल्या: कुपनांचे सुरुवातीचे आणि शेवटचे नंबर, पत्रिकेवरची देवांची, माणसांची नावं आणि मुहूर्त, पैशांची सवलत, आणि ठरलेली तारीख पुढे ढकलणं. एवढंच माझ्याकडे यायचं. बाकी कागद बदलणं (त्याच जातीत एक पायरी वर), पन्नास शीटांपर्यंतची नासाडी, कुठलं काम आधी मशीनवर चढवायचं, खराब प्लेट पुन्हा मागवणं, हे ज्याच्या हातात काम त्यानं ठरवायचं. हे सगळं मराठीत आणि कोकणीत एका पुठ्ठ्यावर छापून मशीनच्या मागे लावलं. छापखानाच आहे, छापायला काय जातंय.

तरी प्रश्न आले. तेव्हा उत्तर द्यायचं नाही, उलट विचारायचं: "तुमकां कितें दिसता?" तुम्हाला काय वाटतं? काकांना तुमकां, पोरांना तुका. पहिले तीन आठवडे हे भयंकर हळू चालतं. तुम्हाला उत्तर माहीत असतं, दोन सेकंदांचं काम असतं, समोरचा डोकं खाजवत उभा असतो आणि मागे फोन वाजत असतो. तोंडापर्यंत आलेलं उत्तर गिळणं हे या संपूर्ण दुरुस्तीतलं सगळ्यांत अवघड काम होतं, आणि मी आठवड्यातून दोनदा तरी नापास व्हायचे.

खरी परीक्षा नवव्या दिवशी झाली. कटिंगच्या मुलानं एका हॉटेलची मेनूकार्डं स्वतःच्या अंदाजानं कापली आणि बारा मिलिमीटर लहान केली. दोनशे कार्डं, लॅमिनेशन झालेली. तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. पंखा सोडला तर सगळा छापखाना गप्प झाला. मशीनसुद्धा कोणीतरी थांबवलं. त्या पोराला काय होतं यावर पुढची पाच वर्षं ठरणार, हे मला तेव्हा स्पष्ट दिसत होतं. रागही तितकाच आला होता. मी म्हटलं, "कागद आहे का?" आहे म्हणाला. "मग परत छापायला घ्या. तू संध्याकाळी पाच मिनिटं बस माझ्याकडे." संध्याकाळी कळलं की कार्डावर माप लिहिलेलंच नव्हतं. डीटीपीवरून येताना 'नेहमीचं' एवढंच लिहून आलं होतं. आता कार्डावर मापाचा खण आहे आणि तो रिकामा असेल तर कटिंगवाला कार्ड परत पाठवतो. त्या दोनशे कार्डांचा खर्च मी शेटना शिकवणी म्हणून सांगितला. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पैसे धरले नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रश्न कमी झाले. आधीच्या नऊ दिवसांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते या एका प्रसंगानं झालं.

उघडी कार्डं कमी करायचा उपाय त्यामानानं सोपा. भिंतीवर फळी ठोकली, तिला अठरा खिळे. कार्ड खिळ्याला असेल तरच काम सुरू. खिळा रिकामा नसेल तर नवं काम काउंटरवरच्या डब्यात थांबतं, आणि गिऱ्हाइकाला तारीख सांगताना त्या डब्याकडे बघून सांगायची. सुरुवातीला दोन गिऱ्हाइकं रागावून म्हापशाला गेली. एक परत आलं. दुसरं गेलं ते गेलंच.

प्रूफचं मात्र अर्धंच सुटलं आहे. आता ऑर्डर घेतानाच विचारतो, मंडळातर्फे 'ठीक' कोण म्हणणार? एकच नाव, एकच फोन नंबर. प्रूफ गेल्यावर कार्ड खिळ्यावरून उतरवून वेगळ्या दोरीला लावतो, म्हणजे ते आमची जागा अडवत नाही. आणि 'ठीक' आल्याच्या दिवसापासून तारीख मोजतो, ऑर्डरच्या दिवसापासून नाही, हे पावतीवरच छापलं आहे. पण नावांच्या क्रमाचं भांडण गावातच मिटावं लागतं, त्याला छापखान्यात इलाज नाही.

तारखेचा सापळा

एवढं सगळं करून २०२५ ला पुन्हा फसलो, आणि तो दोष सर्वस्वी माझा. चवथीच्या ऑर्डरी घेणं कधी बंद करायचं ही तारीख मी मागच्या वर्षीच्या डायरीतून उचलली होती: १५ ऑगस्ट. २०२४ ला ती ठीक होती. २०२५ ला चवथ २७ ऑगस्टला आली. म्हणजे हातात तीन आठवडे समजत होते तिथे बारा दिवस.

घरात महालक्ष्मी कॅलेंडर, निर्णयसागर पंचांग सगळं असतं. सण आपण तिथीनं करतो आणि कामाचं नियोजन इंग्रजी तारखेनं. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सण दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातो. २०२३ ला अधिक श्रावण होता, चवथ १९ सप्टेंबरला. दोन वर्षांत ती तेवीस दिवस अलीकडे आली. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, त्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला. ज्यांचा धंदा सणावर चालतो त्यांनी मागच्या वर्षीच्या तारखा बघून काही ठरवू नये.

आता आम्ही चवथीपासून उलटे मोजतो. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत छापखान्यात माणूस राहत नाही. इथे चवथ मूळ घरी करतात, पेडण्याचा पेडण्याला जातो, काणकोणचा काणकोणला. ते दोन दिवस कामाचे धरायचेच नाहीत. त्याआधी तीन दिवस पावसाळ्याला द्यायचे. ऑगस्टच्या हवेत कागद सर्द होतो, कडा लहरतात, मशीन दोन-दोन शीट ओढतं, शाई वाळत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीला लागते. उन्हाळ्यात संध्याकाळी छापलेलं सकाळी कापता येतं, पावसात नाही. मग कुपनांचं नंबरिंग, पिनिंग, असं करत करत मागे यायचं. अठरा खिळे आणि रोजची सहा कामं हे धरून हिशेब केला की यंदा चवथीच्या ऑर्डरी २४ ऑगस्टला बंद. ही तारीख जूनमध्येच काउंटरवर लावली.

तरीही अडलं तर

अडथळा नाहीसा होत नाही, सरकतो. माझ्या टेबलावरचा ढीग उतरल्यावर दोन महिन्यांत तो कटिंगपाशी गेला. हे बिघडल्याचं लक्षण नव्हे. कार्डांच्या मागच्या वेळा पुन्हा दोन आठवडे लिहा आणि नवा मुक्काम शोधा. आमच्याकडे कटिंगला एकच माणूस होता. बाइंडिंगच्या एका काकींना कटिंग शिकवलं, त्यांची इच्छा आधीपासूनच होती. कोणी विचारलं नव्हतं.

माणसं तुम्हाला विचारायची थांबली पण आपापसांत दुसऱ्या कुणाला तरी विचारू लागली, तर बघा, तुमच्याऐवजी नवी रांग त्या माणसापुढे लागलेली असेल. आमच्याकडे थोडे दिवस सगळे डीटीपीतल्या थोरलीला विचारायचे. तिलाही पुठ्ठा दाखवायला शिकवलं.

ग्रुप बंद करायला जमलं नाही. पण संध्याकाळी सातनंतर मी त्यावर उत्तर देत नाही. पहिल्या आठवड्यात जीव कासावीस झाला, माझाच.

आणि शेवटचं, ज्याबद्दल मला जास्त वेळा विचारलं जाईल असं वाटतं: मालकाचं अर्जंट काम. शेट कुठल्यातरी लग्नात जातात, कोणाला तरी शब्द देतात आणि सोमवारी फोन येतो, हे आजच्या आज. खिळ्यांची फळी, डबा, रांग सगळं त्या एका फोननं मोडतं. नोकरी करणाऱ्या माणसानं मालकाला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं नाही. एक लाल कार्ड करून त्यांच्या हातात दिलं. अर्जंट काम असेल त्याला हे लावा, रांग मोडून ते पहिलं होईल. पण लाल कार्ड एकच आहे. दुसऱ्या कामाला लावायचं तर पहिल्याचं काढावं लागेल, आणि ते कोणाचं काढायचं हे तुम्ही सांगायचं.

कालपासून लाल कार्ड त्यांच्या व्याह्यांच्या मंडळाच्या स्मरणिकेवर आहे. आज सकाळी शेटचा फोन आला, आणखी एक अर्जंट आहे म्हणाले. मी विचारलं, "मग व्याह्यांची स्मरणिका मागे ठेवू?"

पलीकडे बराच वेळ शांत होतं. मग म्हणाले, "राहू दे. ह्याला शुक्रवार सांगतो."